उंच माणसाची बुटकी गाडी

१९५७ साली इंग्लंडमध्ये लोटस सेव्हन नावाची एक स्पोर्ट्स कार निघाली. तिच्या किमती दोन होत्या. तयार गाडी हवी असेल तर १०३६ पौंड, आणि सुटे भाग घरी नेऊन स्वतः जोडणार असाल तर ५३६ पौंड. जवळजवळ निम्मी किंमत! कारण सोपं होतं. तयार गाडीवर 'पर्चेस टॅक्स' लागायचा, सुट्या भागांवर लागायचा नाही. अट एवढीच की जोडणी खरोखर मालकाने करायची. जोडणीच्या सूचनाही कंपनीने द्यायच्या नाहीत. म्हणून म्हणे कंपनी गाडी सुटी कशी करायची याच्या सूचना द्यायची आणि गिऱ्हाईक त्या शेवटापासून सुरुवातीकडे वाचत जायचं. दर मार्चमध्ये घरभाड्याच्या पावत्या गोळा करत फिरणाऱ्या आपल्यासारख्या पगारदार मंडळींना ही गोष्ट पटकन कळेल.

तर ही सेव्हन म्हणजे कॉलिन चॅपमनची करामत. चॅपमनने पहिली गाडी केली ती १९४८ साली, जुनी ऑस्टिन सेव्हन मोडून. त्या काळात इंग्लंडमध्ये हा एक छंदच होता. युद्ध नुकतंच संपलेलं, खिशात पैसे नाहीत, पण भंगारात ऑस्टिन सेव्हन भरपूर. ती आणायची, वरचा डबा काढून टाकायचा, खालच्या सांगाड्यावर पत्र्याचं हलकंसं अंग चढवायचं आणि रविवारी शर्यतीला जायचं. चॅपमनचं सगळं डोकं वजन कमी करण्यात चालायचं. जो भाग काढून टाकता येईल तो काढायचा, आणि उरलेल्यातला प्रत्येक भाग दोन कामं करतोय का ते बघायचं. सेव्हनचं वजन जेमतेम अर्धा टन. आपली मारुती ८०० हलकी म्हणायचे सगळे, तिचं वजनसुद्धा साडेसहाशे किलोच्या आसपास होतं.

आता या वजनाच्या हिशेबात एक गोष्ट आपोआप येते. मोकळी जागा म्हणजेसुद्धा वजन. कॉकपिट दोन इंच रुंद केला की प्रत्येक आडवी नळी दोन इंच लांब, पत्रा तेवढा जास्त, समोरून हवेला अडणारं अंगही जास्त. त्यामुळे सेव्हनमध्ये माणसाला जागा मिळते ती अशी: खाली जवळजवळ जमिनीला टेकलेली सीट, मागे पाठीला चिकटून पाठीमागचा ॲक्सल, एका कुशीला गिअरबॉक्सचा बोगदा, दुसऱ्या कुशीला पत्रा, आणि पुढे इंजिनाच्या शेजारून गेलेली पायांची अरुंद बोळकंडी. त्या बोळात तीन पेडल. हात बाहेर काढला तर रस्त्याला लागतो. ही गाडी चालवत नाहीत, पायजम्यासारखी घालतात.

आणि पायजमा म्हटला की मापाचा प्रश्न आला.

माझी उंची सहा फूट दोन इंच. एसटीच्या सीटवर तिरकं बसणं, रिक्षात मान वाकवून 'भैया, इथेच थांबवा' म्हणणं, ऑफिसच्या कॅबमध्ये सगळ्यांनी न सांगता पुढची सीट सोडणं, हे सगळं अंगवळणी पडलंय. त्यामुळे मला गाड्यांच्या इतिहासात एका भलत्याच गोष्टीचं कुतूहल आहे. इंजिन किती ताकदीचं, शून्य ते शंभर किती सेकंदात, हे सगळे वाचतात. मी बघतो की या गाडीत माझ्यासारखा माणूस शिरला का, आणि शिरला तर काय कापून शिरला.

यातली पहिली गंमत म्हणजे 'उंच' हे एक माप नाहीच. याचा उत्तम पुरावा गाड्यांतून येत नाही, विमानांतून येतो. १९५० साली अमेरिकन हवाई दलाने ४०६३ वैमानिकांची मापं घेतली. लेफ्टनंट गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुणाने त्यातली कॉकपिटसाठी महत्त्वाची दहा मापं निवडली: उंची, छाती, बाहीची लांबी वगैरे. सरासरीच्या आसपासचा, म्हणजे मधला तीस टक्के पट्टा त्याने 'सरासरी' धरला, आणि मोजलं की दहाही मापांत सरासरी असलेले वैमानिक किती. उत्तर आलं शून्य. ४०६३ पैकी एकही नाही. एवढी वर्षं कॉकपिट ज्या सरासरी माणसासाठी बनवत होते तो माणूस अस्तित्वातच नव्हता! यानंतर हवाई दलाने सीट, पेडल, हेल्मेटचे पट्टे हे सगळं पुढेमागे, वरखाली होणारं मागायला सुरुवात केली. (सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत: हार्डकोड केलेला आकडा काढून कॉन्फिगरेशनमध्ये टाकला.)

म्हणजे सहा फूट दोन इंचांची दोन माणसं शेजारी उभी केली तरी त्यांची गाडी वेगळी फाडावी लागेल. एकाचे पाय लांब, त्याचे गुडघे स्टिअरिंगला आपटतात. त्याला पेडल पुढे सरकवून हवीत. दुसऱ्याचं धड लांब, त्याचे पाय मजेत बसतात पण डोळे थेट विंडस्क्रीनच्या वरच्या पट्टीसमोर येतात आणि डोकं रोल बारच्या वर निघतं; त्याला पार्श्वभाग खाली न्यायला हवा. तिसरा असतो बारा नंबरचा बूट घालणारा. त्याची उंची बेताची असली तरी ब्रेक दाबताना ॲक्सिलरेटरही दाबला जातो. सेव्हनवाले पातळ तळव्याचे बूट का घालतात, ते त्या बोळात पाय घातला की कळतं.

या बाबतीतला सगळ्यात प्रसिद्ध उंच माणूस म्हणजे डॅन गर्नी. अमेरिकन रेसर, उंची जवळजवळ सहा फूट चार इंच. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फॉर्म्युला वनच्या गाड्यांना दीड लिटरचं चिमुकलं इंजिन असायचं, गाड्याही चिमुकल्या. बाकीचे ड्रायव्हर आत बुडालेले असायचे आणि गर्नीचं डोकं-खांदे वर हवेत. एवढ्याशा इंजिनाला तो वाऱ्याचा भार परवडत नाही असं त्याचं म्हणणं होतं. पुढे फोर्डने फेरारीला हरवायला जीटी ४० काढली. त्यातला ४० म्हणजे गाडीची उंची, चाळीस इंच. आपल्या डायनिंग टेबलापेक्षा फार तर दहा इंच जास्त! त्यात छप्पर असलेली गाडी, आणि आत हेल्मेट घातलेला गर्नी. उपाय केला तो फिल रेमिंग्टन नावाच्या कारागिराने. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या छपराला त्याने एक फुगवटा बसवला. बाहेरून बघितलं तर गाडीला टेंगूळ आल्यासारखं दिसतं. त्याला आजही 'गर्नी बबल' म्हणतात. १९६७ च्या जूनमध्ये असं टेंगूळ असलेल्या लाल फोर्ड मार्क ४ मधून गर्नी आणि ए. जे. फॉइट यांनी ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. बक्षीस समारंभात गर्नीने शॅम्पेनची बाटली हलवून सगळ्यांवर उडवली ती हीच शर्यत. नंतर सगळ्या खेळांत ती पद्धतच पडली.

बरं, गर्नी तिथे थांबला नाही. आठवड्याभरात, १८ जून १९६७ ला, त्याने बेल्जियमची ग्रां प्री जिंकली, तीही स्वतःच्या कंपनीने बांधलेल्या ईगल गाडीतून. उंच माणसाच्या दृष्टीने हा सगळ्यात पक्का उपाय. दुसऱ्याच्या गाडीला टेंगूळ काढण्यापेक्षा आपली गाडी आपल्या हाताने करायची, म्हणजे पहिली रेघ मारताना मापं आपली.

पण गर्नीकडे रेमिंग्टन होता, कंपनी होती. शनिवार-रविवारी गॅरेजमध्ये खटपट करणाऱ्या माणसाचं काय?

इथे परत सेव्हनकडे येऊ. १९७३ साली ब्रिटनमध्ये पर्चेस टॅक्स जाऊन व्हॅट आला, आणि घरी जोडलेल्या गाडीची करसवलत संपली. चॅपमनला तोवर महागड्या गाड्या विकायच्या होत्या. त्याने सेव्हनचे हक्क केटरहॅम कार्स या विक्रेत्याला, म्हणजे ग्रॅहम नर्नला, देऊन टाकले. केटरहॅमने सेव्हन तशीच चालू ठेवली. आणि ती चालू राहिल्यामुळे एक अडचण दरवर्षी त्यांच्या दारात उभी राहायला लागली. युद्धाच्या काळात रेशनवर वाढलेल्या पिढीची मुलं चांगलीच उंच निघाली होती. गाडी १९५७ ची, गिऱ्हाईक १९८० चं.

केटरहॅमने हा प्रश्न हप्त्याहप्त्याने सोडवला, आणि मला त्यांची ही सावध चाल आवडते. आधी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॉकपिट थोडा लांब केला. मग खाली उतरवलेल्या फ्लोअरचा पर्याय आला. सीटखालचा पत्रा काही सेंटीमीटर खाली नेला की धड लांब असलेला माणूस तेवढाच खाली जातो. शेवटी २००० साली त्यांनी सरळ मोठी सेव्हन काढली, एसव्ही नावाची. जुनीपेक्षा ११० मिलिमीटर रुंद आणि लांबीलाही वाढवलेली. फोटोत दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय फरक कळत नाही. जुनी लहान चासी बंद केली नाही. आपल्याकडे शर्ट ४० आणि ४२ मध्ये मिळतो तशी गाडी दोन मापांत. चौदा मॉडेल काढणाऱ्या बड्या कंपन्यांना हे कधी सुचलं नाही.

पण माझा खरा जीव अडकलाय तो यापुढच्या प्रकरणात. १९९६ साली रॉन चॅम्पियन नावाच्या इंग्रज गृहस्थाचं एक पुस्तक आलं. विषय: २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बांधा. छापलं कोणी, तर हेन्सने. गाड्या दुरुस्तीची मॅन्युअल छापणारे तेच. या हेन्सचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. जॉन हेन्सने शाळेत असतानाच ऑस्टिन सेव्हन मोडून स्पेशल बांधली आणि ती कशी बांधली याची पुस्तिका १९५६ साली स्वतः काढली. २५० प्रती दहा दिवसांत संपल्या. चाळीस वर्षांनी त्याच्याच प्रकाशनाने चॅम्पियनचं पुस्तक काढावं, हे बरोबरच झालं.

पुस्तकातल्या गाडीला 'लोकॉस्ट' म्हणतात. लो कॉस्ट, आणि उच्चारायला लोटसच्या जवळचं. कृती अशी: सडलेली फोर्ड एस्कॉर्ट मिळवा. तिचं इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, ब्रेक काढून घ्या. एक इंच बाय एक इंचाची चौकोनी पोलादी नळी आणा, दिलेल्या मापाने कापा, वेल्ड करा, झाला सांगाडा. सोबत प्रत्येक नळीचं माप दिलेलं. ज्याला आकडे वाचता येतात, करवत धरता येते आणि वेल्डिंग शिकायची तयारी आहे, अशा कुणालाही जमेल. आपण ज्याला ओपन सोर्स म्हणतो ते नळ्यांमध्ये.

आणि ओपन सोर्सचं जे होतं तेच इथे झालं. हजारो लोकांनी ते आकडे घेतले, आणि उंच-रुंद माणसांनी सांगाडा वेल्ड करून त्यात बसून बघितलं. मग तक्रारी. पण या तक्रारी करणारा माणूस आणि गाडी बांधणारा माणूस एकच होता, हातात करवत होती! त्यामुळे तक्रारीचं रूपांतर लगेच नव्या आकड्यांत झालं. अमेरिकेत तर एक वाढीव आराखडा इतका रूढ झाला की लोक त्याला नुसत्या आकड्याने ओळखतात: ४४२. पुस्तकातल्या गाडीपेक्षा चार इंच लांब, चार इंच रुंद, दोन इंच उंच. मूळ कोड घेऊन कुणी तरी काढलेली फोर्क, आणि ती मूळ रिपॉझिटरीइतकीच वापरात. २००७ साली हेन्सनेच ख्रिस गिब्स यांचं नवं पुस्तक काढलं. तोवर जुन्या एस्कॉर्ट दुर्मिळ आणि महाग झाल्या होत्या, म्हणून त्यात फोर्ड सिएरा मोडायची.

'चार इंच रुंद करा' हे लिहायला सोपं आहे. करताना एकेक गोष्ट हाताला चिकटते. नाक आणि मडगार्ड हे फायबरचे भाग बाजारात तयार मिळतात, पण ते मूळ मापाचे. रुंद गाडीला बॉनेट आणि डॅशबोर्डभोवतीचा भाग स्वतः पत्रा वाकवून करावा लागतो. लांब केली की प्रॉपेलर शाफ्ट लांब करा. मागे सरकायला जागाच नाही, कारण सीटच्या पाठीला ॲक्सल. म्हणजे एक तर ॲक्सल मागे न्या, नाही तर इंजिन पुढे ढकला, आणि इंजिन पुढे गेलं की पुढच्या चाकांवर भार वाढून गाडीचा स्वभावच बदलतो. फ्लोअर खाली उतरवणं सगळ्यात स्वस्त, पण मग गाडीचा सगळ्यात खालचा भाग म्हणजे तुमची सीट. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीसमोरचा स्पीड ब्रेकर डोळ्यापुढे आणा.

म्हणून शहाणे लोक आधी फुकटचे इंच गोळा करतात. सीटखालची सरकपट्टी काढली की इंचभर मिळतो. गुबगुबीत सीट काढून टाकली की आणखी दोन. तिच्या जागी शरीराच्या आकाराची फोमची सीट ओततात, आणि ती ओतण्याचा विधी बघण्यासारखा असतो. दोन द्रव एकत्र करायचे, कचऱ्याच्या मोठ्या पिशवीत ओतायचे, पिशवी गाडीत ठेवायची आणि ड्रायव्हरने पटकन त्यावर बसायचं. फोम फुगतो, गरम होतो, माणसाच्या पाठीभोवती चढत जातो, आणि माणसाने हलायचं नाही. शिंप्याने माप घेण्याऐवजी सरळ अंगावरच कापड शिवावं तसं! मग स्टिअरिंग लहान व्यासाचं, उतरता-चढताना खटकन निघून हातात येणारं. पेडल पुढे. टाचेला एक पट्टी, म्हणजे पाय घसरत नाही. एवढं करून जे उरेल त्यासाठी करवत.

आता यात जीवावर बेतणारी गोष्ट एकच आहे, आणि फोटो बघून हरखणाऱ्यांच्या ती लक्षात येत नाही. रोल बार. उघडी गाडी उलटली तर डोक्याच्या आणि रस्त्याच्या मध्ये तेवढी एक वाकवलेली नळी असते. बुटक्या माणसाचं डोकं तिच्याखाली राहतं. उंच माणसाचं डोकं तिच्या वर निघालं, तर गाडी उलटताना आधी काय टेकणार हे सांगायला नको. खांद्याच्या पट्ट्यांचंही तेच. ते खांद्याच्या पातळीत मागे जायला हवेत. ज्याचं धड लांब त्याचे खांदे वर, पट्ट्यांचा मागचा खिळा खाली, आणि धडक बसली की पट्टा माणसाला मागे धरण्याबरोबर खालीही दाबतो, म्हणजे सगळा भार मणक्यावर. म्हणून 'बसतोय की मी, जरा मान वाकवून' हे उत्तर चालत नाही. मान वाकवून एसटीत बसतात.

हा नियम मला तोंडपाठ असायचं कारण कॉलेज. आमची टीम विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्पर्धेसाठी गाडी बांधायची, कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर न्यायची. मेकॅनिकलचे इतर लोक वेल्डिंग, सस्पेन्शन असली मानाची कामं करायचे. मी टीममध्ये माप म्हणून होतो. या स्पर्धांच्या नियमावलीत 'पर्सी' नावाचा एक कागदी माणूस असतो, उंच पुरुषाचं प्रमाण म्हणून ठरवलेला: बसायच्या जागी २०० मिलिमीटरचं वर्तुळ, खांद्याला २०० चं दुसरं, आणि हेल्मेटसकट डोक्याला ३०० चं. खालचं वर्तुळ पेडलपासून किमान ९१५ मिलिमीटर लांब ठेवायचं. मग मागच्या रोल हूपच्या टोकापासून पुढच्या हूपच्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढायची, आणि हेल्मेट त्या रेघेच्या किमान दोन इंच खाली पाहिजे. सर झाडूचा दांडा घेऊन यायचे. दोन हूपांवर दांडा आडवा, खाली हेल्मेट घालून मी, आणि मध्ये एकाची बोटं. सांगाडा वेल्ड करायच्या कितीतरी आधी आम्ही पीव्हीसीच्या पाइपांचा आणि खोक्यांच्या पुठ्ठ्याचा कॉकपिट केला होता, तो याचसाठी. त्यात मी तासन्‌तास बसायचो. माझ्यानंतर आमची मुख्य ड्रायव्हर बसायची, उंची पाच फूट तीन इंच. तिचे पाय पेडलपर्यंत पोचायचे नाहीत. शेवटी पेडल पुढेमागे सरकणारी केली आणि तिच्या पाठीमागे फोमचा जाड ठोकळा. डॅनियल्सचाच धडा, त्याचं नाव ठाऊक नसताना.

स्पर्धेची गाडी ट्रॅकवरच राहते म्हणून हे जमतं. आपल्याकडे रस्त्यावरच्या गाडीशी असं काही करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल चालणार नाही. ब्रिटनमध्ये घरगुती गाडीसाठी वेगळी तपासणी आहे: एकेक गाडी नेऊन दाखवायची, पट्टे, कडा, दिवे, ब्रेक सगळं तपासून घ्यायचं, पास झाली की नंबर. १९९८ पासून त्या तपासणीला एसव्हीए म्हणायचे, २००९ पासून आयव्हीए. त्यामुळे तिथला सहा फूट दोन इंचवाला नोकरी सांभाळून, दोन-तीन वर्षं शनिवार-रविवार खपून, कायदेशीरपणे आपल्या मापाच्या गाडीत बसू शकतो. मी फोटो बघतो.

गर्नीचं एक सांगायचं राहिलं. मोटारसायकलचं त्याला वेड होतं, आणि तिथेही उंची आड यायची. मग त्याने ॲलिगेटर नावाची मोटारसायकल केली, जिच्यात माणूस गाडीवर चढून न बसता खाली, चाकांच्या मध्ये, पाय पुढे करून बसतो. २००२ साली ती विकायला काढली. संख्या ३६, कारण त्याच्या शर्यतीतल्या गाडीचा नंबर ३६ होता. एखादी विकत मिळण्याइतके पैसे माझ्याकडे येणं कठीण आहे, पण फोटोत बघून अंदाज काढलाय: माझे गुडघे बसतील.